मांगरातला मंगळवार: टीव्हीवरची कुस्ती पाहणाऱ्या एका गटाचं प्रकरण

हे प्रकरण मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका वाडीतलं आहे. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत. मी स्वतः या गटातला, त्यामुळे तटस्थ असल्याचा दावा करत नाही. टीव्हीवरची कुस्ती, म्हणजे आधीचं डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि २००२ नंतरचं डब्ल्यूडब्ल्यूई, मी शाळेत असल्यापासून पाहतो. ती घसरली असं मला वाटतं. ते का वाटतं आणि त्यावर आम्ही काय केलं, हे इथे मांडलं आहे.

पार्श्वभूमी

वाडीत रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायची मोठी जाळी ठेवायचा एक मांगर, म्हणजे खोपी, आहे. चिऱ्याच्या भिंती, वर नळे, आत वाळलेल्या जाळ्यांचा खारट वास. नव्वदच्या दशकाच्या शेवटी एका काकांनी मुंबईहून आणलेला जुना टीव्ही तिथे ठेवला आणि वर्गणी काढून केबल घेतली. रापण ओढून, वाटे झाले की माणसं चहाला तिथेच टेकायची. टीव्हीवर कुस्ती लागली की उठायची नाहीत.

आम्हा पोरांकडे तेव्हा ट्रम्प कार्डांचे पत्ते होते. उंची, वजन, छाती, दंड, रँक, सगळं तोंडपाठ. अंडरटेकर नावाचा मल्ल सात वेळा मेला आणि सात वेळा परत आला, यावर शाळेत कुणाचं दुमत नव्हतं. खरं की खोटं हा प्रश्नही होताच. घरची मोठी माणसं रोज विचारायची. पण १९८९ मध्येच खुद्द कंपनीने न्यू जर्सीच्या सिनेटपुढे हा मनोरंजनाचा प्रकार असल्याचं मान्य केलं होतं, हे कळल्यावरही आमचं पाहणं थांबलं नाही. दशावतारात भीम खरोखर दुःशासनाची छाती फोडत नाही, म्हणून कोण जत्रेतून उठून घरी जातो?

२००२ मध्ये टेन स्पोर्ट्स आलं आणि मंगळवारची संध्याकाळ ठरून गेली. २००६ च्या मे महिन्यात ग्रेट खलीने अंडरटेकरला हरवलं, तेव्हा मांगरात जागा उरली नाही म्हणून पोरं खिडकीत बसली होती. पुढच्या वर्षी तो वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झाला. त्या वर्षांत आमचा गट सर्वांत मोठा होता, पंचवीस-तीस माणसं सहज.

अडचण

२०२४ च्या शेवटी आम्ही पाच-सहा जण उरलो होतो. त्यातले दोघे टीव्हीसमोर बसून मोबाइल बघायचे.

माणसं कमी होण्याची साधी कारणं होतीच. पोरं पुण्या-मुंबईला, गोव्याला कामाला गेली. ज्याच्या-त्याच्या हातात मोबाइल आला. पण जी उरली, तीही आधीसारखी पाहत नव्हती. मला हे नेमकं कळलं ते एका सातवीतल्या मुलामुळे. तो आजोबांना जेवायला बोलवायला आला आणि दारात उभा राहून पाच मिनिटं पाहत राहिला. मग म्हणाला, "आजोबा, माका एक कळाक नाय. हे भांडतत कित्याक?"

आजोबांना सांगता आलं नाही. मलाही नाही. तीस वर्षं पाहणारा मी, आणि रिंगमधले ते दोघे का लढतायत हे मला ठाऊक नव्हतं. आठवून पाहिलं, तर मागच्या आठवड्यातही तेच दोघे लढले होते आणि तिसऱ्याच कुणीतरी मधे येऊन लढत मोडली होती.

त्यातच केबलवाल्याने सांगितलं की १ एप्रिल २०२५ पासून हे कार्यक्रम सोनीच्या वाहिनीवर दिसणार नाहीत, भारतात ते नेटफ्लिक्सवर जाणार. आता वेगळे पैसे मोजायचे की नाही, हे ठरवणं भाग होतं. एवढी वर्षं सवयीने चाललेलं पहिल्यांदा तपासावं लागलं.

निर्णय घेण्याआधी: वही

पहिला निर्णय म्हणजे घाईने निर्णय घ्यायचा नाही. मी मच्छीमार सोसायटीत हिशेब लिहितो, त्यामुळे वही काढणं मला सुचलं. जानेवारी ते मार्च, दर मंगळवारी प्रत्येक लढतीपुढे तीन रकाने: हे का लढतायत, शेवट कसा झाला, पुढच्या आठवड्यात त्याचं काय झालं.

दुसरा रकाना भरायला कधी अडचण आली नाही. पहिल्यात काही वेळा चांगली उत्तरं मिळाली, काही वेळा नुसती रेघ. तिसरा रकाना मात्र ओसाड पडला. जो हरला तो पुढच्या आठवड्यात तसाच, त्याच संगीतावर, त्याच चालीत आला. ज्याला स्ट्रेचरवर नेलं तो परतला आणि कुणी त्याची विचारपूसही केली नाही. हरण्याची किंमतच कुणी चुकवत नव्हतं. नुसतं पाहताना हे जाणवलं नव्हतं, वहीत दिसलं.

मागच्या काही वर्षांचं आम्हाला काय खुपत होतं, तेही यातून उलगडलं. २०१७ च्या मे महिन्यात जिंदर महल रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन झाला. माणूस कॅनडात जन्मलेला, तरी आमच्या पोरांना तो आपला वाटला. नोव्हेंबरमध्ये एजे स्टाइल्सकडून हरला, आणि डिसेंबरात दिल्लीत, भारतीय प्रेक्षकांसमोर, ट्रिपल एचने त्याला पाडलं. हरण्याबद्दल तक्रार नाही. पण त्याला वर का नेलं आणि खाली का आणलं, याचं गोष्टीत कुठे उत्तर नव्हतं. आमच्या गटातली चार पोरं त्या डिसेंबरनंतर आली नाहीत.

आबांची रात्र

गटातल्या एकाचे काका, त्यांना सगळे आबा म्हणतात, आयुष्यभर दशावतारात राक्षसपार्टी करत होते. आता वयामुळे थांबले आहेत. फेब्रुवारीत एका मंगळवारी आम्ही त्यांना मुद्दाम बोलावलं. ही कुस्ती त्यांनी कधी धड पाहिली नव्हती. मला ते पाहणं हवं होतं, कारण ठरलेली मारामारी लोकांसमोर खरी करून दाखवणं हेच त्यांचं काम होतं.

पहिली लढत त्यांनी गप्प बसून पाहिली. एकजण दोरावरून उडी घेऊन बाहेर कोसळला, पाच सेकंदांत उठला आणि धावला.

"ह्येका लागला खंय?" आबा म्हणाले. "पडलो काय उठलो."

मग एकजण माइक घेऊन बोलायला आला. आबा पुढे सरकले. थोडा वेळ ऐकलं, इंग्रजी त्यांना कळत नव्हतंच, आणि म्हणाले, "ह्यो बोलता ता पाठ केलेला आसा. डोळे बघ, पुढचा वाक्य शोधतत."

त्यांनी भाषा न कळता नेमकं दुखणं ओळखलं. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. प्रयोगाआधी आख्यान कुठलं, कोण कधी येणार, एवढं बोलून घेतात आणि पुढचे संवाद रंगमंचावर जागच्या जागी होतात. प्रेक्षक कसा आहे, पेटी-मृदंग कुठे नेतंय, समोरचा काय बोलला, यावर बोलणं बेततं. एकेकाळी कुस्तीतली भाषणंही बरीचशी अशीच होती. जून १९९६ मध्ये 'किंग ऑफ द रिंग' ही स्पर्धा जिंकल्यावर स्टोन कोल्ड स्टीव्ह ऑस्टिन जे बोलला, ते त्याला त्या रात्रीच, जेक रॉबर्ट्सचं बायबलच्या वचनांवरचं बोलणं कानावर आल्यावर सुचलं होतं. त्यातून कंपनीचा सगळ्यात मोठा नायक उभा राहिला. पुढे टीव्हीसाठी लेखकांची फौज आली, शब्द न् शब्द लिहून देण्याची पद्धत रुळली, आणि दहा जण एकाच आवाजात बोलू लागले.

मध्येच आबा उठले. त्या सातवीतल्या मुलाच्या हातात खराट्याचा दांडा दिला आणि म्हणाले, मार. मुलाने हळूच खांद्यावर मारल्यासारखं केलं. आबा लगेच पडले नाहीत. एक श्वास थांबले. आधी नजर मुलाच्या चेहऱ्यावरून सुटून जमिनीकडे गेली, मग खांदा खचला, मग एक गुडघा वाकला, आणि तो वाकताना त्यांचा हात आधार शोधत जाळ्याच्या ढिगाऱ्यावर गेला. मांगरात कुणी बोललं नाही. मुलाने दांडा खाली टाकला, त्याला वाटलं खरंच लागलं.

"आदी नजर पडाक व्हयी," आबा उठत म्हणाले, "मगे गुडघो. शंकासुर मरतलो ह्या सगळ्यांका ठावक आसता. तरी पोरा गप बसतत ना?"

त्यानंतर मी त्यांना २००९ च्या रेसलमेनियातली, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमातली, अंडरटेकर आणि शॉन मायकल्सची लढत दाखवली. यूट्यूबवर, पूर्ण, अर्ध्या तासाची. अंडरटेकर टूम्बस्टोन, हा त्याचा लढत संपवणारा डाव, मारतो, तीनपर्यंतची मोजणी सुरू होते, आणि ती पुरी होण्याआधी मायकल्स खांदा उचलून वाचतो. कॅमेरा अंडरटेकरच्या चेहऱ्यावर जातो. डोळे विस्फारलेले, तोंड अर्धं उघडं. आबांनी मला ते दोनदा मागे न्यायला लावलं. शेवटी मायकल्स उडी घेतो, अंडरटेकर त्याला हवेत झेलतो, उलटा धरतो, आणि त्याच डावाने लढत संपते.

आबा म्हणाले, "एकदाच झाला म्हणान धस्स झाला. दर मंगळवारी झाला तर कोण बघतलो?"

या वाक्यावर मी बराच विचार केला आहे. ती लढत माझ्या मते या प्रकारातली सर्वोत्तम आहे, आणि घसरणीचं एक बीही तिच्यातच आहे. शेवटचा डाव मारूनही समोरचा उठतो, याचा धक्का तिथे बसला कारण टूम्बस्टोन मारल्यावर माणूस सहसा उठत नसे. मग सगळ्यांनाच तो धक्का हवा झाला. शेवटचा डाव दोनदा, तीनदा, चारदा बसूनही खांदा उचलणं नेहमीचं झालं. नाण्यांची टाकसाळ रात्रंदिवस चालवली की रुपयाला काही येत नाही, तसं डावांचं झालं.

घसरणीची कारणं, मला समजली तशी

एक कारण वेळेचं. आधी वर्षाला चार-पाच मोठे कार्यक्रम असत, १९९५ पासून ते महिन्या-महिन्याला होऊ लागले. जुलै २०१२ पासून 'रॉ' हा दर आठवड्याचा कार्यक्रम तीन तासांचा झाला. दर आठवड्याला एवढे तास भरायचे, तर तेच तेच गडी पुन्हा पुन्हा भिडवावे लागतात आणि निकाल लागू द्यायचा नाही म्हणून लढती मोडाव्या लागतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. सप्टेंबर १९९५ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीने सोमवारी त्याच वेळेला 'नायट्रो' सुरू केलं आणि १९९६ च्या मध्यापासून ते सलग ८३ आठवडे प्रेक्षकसंख्येत पुढे राहिलं. डब्ल्यूडब्ल्यूएफने जे काही धाडस केलं ते त्या भीतीपोटी. मार्च २००१ मध्ये त्यांनी ती कंपनीच विकत घेतली. त्यानंतर २०१९ मध्ये एईडब्ल्यू ही नवी कंपनी येईपर्यंत अमेरिकेत तोडीस तोड कुणी नव्हतं. शिवाय पैसा आता तिकिटापेक्षा प्रक्षेपणाच्या हक्कांतून येतो. नेटफ्लिक्सचा करार दहा वर्षांचा, पाच अब्ज डॉलरचा आहे. दशावतारी मंडळाचा प्रयोग फसला तर पुढच्या वर्षी त्या गावाचं बोलावणं येईल की नाही याची धास्ती असते. दहा वर्षांचं बोलावणं हातात असलेल्या कंपनीला ती धास्ती कशी वाटावी?

आबांनी इथे मला अडवलं, हेही नोंदवायला हवं. दशावतारातही आता ट्रिकसीन आले, दिवे, धूर, हवेतून उतरणारे देव. लोक त्यालाच गर्दी करतात. त्यांना ते पटत नाही, पण मंडळं त्यावर जगतात हेही ते नाकारत नाहीत.

आणि सगळंच बिघडलंय असं म्हणणं खोटं ठरेल. डोक्यात खुर्ची घालणं बंद झालं, ते चांगलंच झालं. त्या जुन्या माराने किती जणांचे मेंदू आणि आयुष्यं पोखरली, हे आता जगाला माहीत आहे. बायकांच्या लढती पूर्वी मध्यंतरासारख्या दोन-तीन मिनिटांत उरकत. २०१९ मध्ये रेसलमेनियाचा शेवटचा, मुख्य सामना बायकांचा झाला.

समोर असलेले पर्याय

मार्चच्या शेवटच्या मंगळवारी आम्ही बसलो. सरळ बंद करून टीव्ही शाळेला द्यावा, असं दोघांचं मत होतं. एकाने चोरीच्या लिंकवरून पाहू म्हटलं. त्याला बाकीच्यांनी नकार दिला, कारण मांगर रापणीच्या संघाचा आहे आणि तिथे उघडपणे चोरीचं चालवणं कुणालाच बरं वाटलं नाही. नेटफ्लिक्सचा स्वस्त प्लॅन मोबाइलपुरता असतो, तो टीव्हीवर चालत नाही, म्हणजे मोठा घ्यावा लागणार होता. माझा आग्रह होता की नवीन पाहूच नये, यूट्यूबवर कंपनीने स्वतः टाकलेल्या जुन्या पूर्ण लढती पाहाव्यात.

खरी चर्चा झाली ती पैशावर नव्हेच. एक काका म्हणाले, "जुनाच बघूचा तर पोरा कित्याक येतली?" मी तो मुद्दा उडवून लावला. वहीतले ओसाड रकाने दाखवले आणि माझं म्हणणं रेटलं.

काय केलं

मधला मार्ग ठरला, पण झुकाव माझ्या बाजूला. एका दादाने घरासाठी नेटफ्लिक्स घेतलंच होतं, महिन्यातून एकदा मोठा कार्यक्रम त्यांच्याकडे जमून पाहायचा. बाकीच्या मंगळवारी मांगरात जुनी लढत, एकच, आणि ती संपल्यावर अर्धा तास बोलणं. लढती निवडायचं काम माझ्याकडे.

एप्रिल-मे बरे गेले. आम्ही चाळिशीतले पुढची-मागची आठवण काढत रमलो. पोरं पहिल्या दोन वेळा आली, मग थांबली. १ जूनला मासेमारी बंद झाली, सगळे रिकामे होते, तरी मांगरात आम्ही चौघेच.

जुलैत त्या सातवीतल्या, आता आठवीत गेलेल्या मुलाने मला रस्त्यात गाठून विचारलं की एक लढत मी लावू का. मी हो म्हटलं, थोडं नाराजीनेच. त्याने लावली सप्टेंबर २०२२ मधली, कार्डिफची, गुंथर आणि शेमस यांची. मी ती कधी पाहिली नव्हती. त्या सुमारास मी अर्धं लक्ष देऊन पाहत होतो, ती कशी निसटली कळलं नाही.

त्या लढतीत उड्या नाहीत, धूर नाही. दोन धिप्पाड माणसं समोरासमोर उभी राहतात आणि पंजाने एकमेकांच्या छातीवर मारतात. आवाज मांगराच्या भिंतींवर आपटला. शेमसची गोरी छाती आधी गुलाबी, मग लाल, मग काळपट होत गेली, बोटांचे वळ मोजता येत होते. आबा आले होते. ते खुर्चीच्या टोकावर सरकले आणि हळूच म्हणाले, "हां. आता लागला."

ज्यासाठी ही लढत होती, तो इंटरकॉन्टिनेंटल विजेतेपदाचा पट्टा गुंथरने ६६६ दिवस राखला. वर्षानुवर्षं इकडून तिकडे फिरणाऱ्या त्या पट्ट्याला पुन्हा किंमत आली, कारण तो मिळवणं अवघड आहे हे दर आठवड्याला दाखवलं गेलं. माझ्या वहीतला तिसरा रकाना ज्याने भरला असता, तो गडी मीच पाहायचा सोडला होता.

निष्पत्ती

ऑगस्टपासून निवड आळीपाळीने होते. एक मंगळवार आमचा, एक पोरांचा. आम्ही ब्रेट हार्ट आणि ऑस्टिनची १९९७ ची लढत लावतो, ती लावतात मागच्या दोन-तीन वर्षांतलं काहीतरी. माणसं दहा-बारा जमतात. पंचवीस पुन्हा होतील असं वाटत नाही.

१४ डिसेंबर २०२५ चा रविवार वेगळा होता. जॉन सीनाची शेवटची लढत, गुंथरशी, आपल्याकडे सकाळी. थंडीत चादरी गुंडाळून वीसेक जण आले, त्यात २०१७ नंतर न आलेले दोघे. हार मानायची नाही हेच ज्याचं ब्रीद, तो माणूस शेवटी जरा हसला आणि हात आपटून शरण गेला. मांगरात आधी शांतता, मग एकच गलका. मागे बसलेला एक तिशीतला खलाशी उठून दाराबाहेर समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. आतमध्ये ऊन चढेपर्यंत भांडण चाललं. सीनाने असं जाणं बरोबर की चूक? आठवीतल्या मुलाचं म्हणणं, त्याने हरायलाच हवं होतं, नाहीतर गुंथर एवढे दिवस जिंकला त्याला अर्थ काय? आजोबांचं म्हणणं, हरावं, पण शरण जाऊ नये.

त्या दिवशी हे भांडतायत का, असं कुणालाच विचारावं लागलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

वही चांगली होती, पण ती फक्त मी लिहिली. पोरांच्या हातात दिली असती, तर रकाने वेगळे पडले असते. "ही चाल पूर्वी कधी बघितली होती का" हा रकाना मला सुचलाच नाही, आणि त्यांना तोच महत्त्वाचा वाटतो.

मार्चमध्ये त्या काकांचा मुद्दा मी उडवला, ती सरळ चूक होती. तीन महिने त्यात गेले. सगळ्यांत वाईट भागाची नोंद ठेवून मी सगळ्याचा निवाडा केला. दर आठवड्याचा कार्यक्रम घसरलाय हे माझं मत आजही कायम आहे. पण त्या ढिगात दडलेली चांगली लढत शोधायला वेळ द्यावा लागतो, आणि तो देणारे आमच्यात पोरंच होती.

आबांना मात्र आधीच बोलवायला हवं होतं, दहा वर्षं आधी. त्यांचे गुडघे तेव्हा बरे होते. नजर पडते आणि मग गुडघा, हे त्यांनी त्या रात्री एकदाच करून दाखवलं. मोबाइल सगळ्यांच्या खिशात होते, आणि कुणीही ते टिपून घेतलं नाही. येत्या जत्रेनंतर त्यांना पुन्हा विचारणार आहोत. बसून करायचं असेल तरी चालेल, असं आठवीतल्या मुलाने त्यांना आत्ताच जाऊन सांगितलं आहे.